गाडीच्या एसीतून आवाज येतोय? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

एसीच्या आवाजाबद्दल विचारताना बहुतेक जण आवाजाची नक्कल करून दाखवतात. त्याचा उपयोग होतो, पण थोडाच. बेअरिंगची घरघर आणि फॅनची घरघर कानाला जवळजवळ सारखीच लागते. खरी ओळख पटते ती आवाज कशाने सुरू होतो आणि कशाने थांबतो यावरून. खालची सगळी उत्तरं त्याच धाग्याने दिली आहेत.

आवाज एसीचाच आहे का, आणि कुठून येतोय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दहा मिनिटं आणि एक मदतनीस एवढं पुरतं. गाडी शांत जागी, सपाटीवर लावा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर).

आधी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि ब्लोअर एकापासून शेवटच्या नंबरपर्यंत फिरवा. आवाज इथेच आला तर दोष डॅशबोर्डच्या आत आहे: ब्लोअर, त्याचा पंखा किंवा फिल्टर. कंप्रेसरचा (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा) आणि गॅसचा इथे संबंधच नाही.

मग ब्लोअर आणि एसी दोन्ही बंद ठेवून इंजिन सुरू करा. आता आवाज आला तर बेल्ट आणि पुल्यांकडे बघायचं. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: एसी बंद असला तरी कंप्रेसरची पुली बेल्टबरोबर फिरतच असते. म्हणून "एसी लावलाच नाही, मग आवाज एसीचा कसा?" हा तर्क फसतो.

तिसऱ्या वेळी ब्लोअर एक नंबरवर ठेवून एसीचं बटण दाबा. मदतनीसाने बॉनेटजवळ उभं राहून ऐकावं. 'टक्' असा एसीचा क्लच (पुलीला कंप्रेसरशी जोडणारा) बसल्याचा आवाज येईल, आयडलिंग क्षणभर दबून पुन्हा सावरेल आणि रेडिएटरचा फॅन सुरू होईल. त्रासाचा आवाज या 'टक्'बरोबर सुरू होतो का, एवढंच टिपा. नंतर हळूच रेस देऊन इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या. रेसबरोबर आवाज चढला तर तो बेल्टवर फिरणाऱ्या भागाचा. रेस वाढूनही जसाच्या तसा राहिला तर विजेवर चालणाऱ्या फॅनचा किंवा ब्लोअरचा.

शेवटी थंड-गरमची नॉब पूर्ण फिरवा, हवेची दिशा बदला, बाहेरची हवा आणि आतली हवा यांचं बटण दाबून बघा. तेव्हाच आवाज आला तर तो डॅशबोर्डमधल्या हवेच्या पडद्यांचा.

यात एक काळजी घ्यायलाच हवी. रेडिएटरचा फॅन काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली माळ बॉनेटपासून लांब ठेवा. इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात नेऊ नका.

जागा आणखी नेमकी हवी असेल तर द्राक्षबागेत ठिबकला वापरतात ती १६ मिमीची नळी मीटर-दीड मीटर कापून घ्या. एक टोक कानाशी धरा आणि दुसरं कंप्रेसर, अल्टरनेटर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) यांच्या दिशेने एकेक करून न्या, फिरत्या भागापासून वीतभर दूर ठेवून. डॉक्टरच्या नळीसारखंच हे काम करतं. बोटभर जागा सरकली तरी आवाजातला फरक स्पष्ट कळतो.

कोणते आवाज आले तरी काळजी नको?

थोड्या-थोड्या वेळाने क्लचची 'टक्' येणं हे नेहमीचंच आहे. एसी किंवा इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमागे अर्धा-एक मिनिट 'स्स्स' ऐकू येतं. तो आतला जास्त दाबाचा आणि कमी दाबाचा गॅस एकमेकांत मिसळून समान होतानाचा आवाज. कसारा घाट चढताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कितीतरी गाड्यांत इंजिनची ताकद वाचवायला कंप्रेसर काही क्षण आपोआप सुटतो. 'टक्' होऊन सगळं शांत झालं आणि चढ संपल्यावर गारवा परत आला, तर बिघाड काही नाही.

ब्लोअर लावला की फडफड किंवा टिकटिक येते, नंबर वाढवला की वाढते. काय असेल?

पंख्यात काहीतरी अडकलंय. बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून आत येते आणि तिथूनच पाला-पाचोळाही येतो. कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली रोज गाडी लावणाऱ्यांना हे नेहमीचं. लासलगाव, पिंपळगाव बसवंत भागात मार्केटजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कांद्याची पात्या-सालं जातात. साल इतकी हलकी असते की पंख्याच्या दोन पात्यांत उभी अडकते आणि प्रत्येक फेरीला पेटीला घासते: फर्र, फर्र, फर्र. ब्लोअर एक नंबरवर ठेवला तर या फेऱ्या मोजताही येतात. शेताजवळ उभ्या गाडीत उंदराने घरटं केलं असेल तर चिंध्या, कापूस निघतो आणि वासही येतो.

बहुतेक छोट्या गाड्यांत ब्लोअर ग्लव्ह बॉक्सच्या खाली असतो. वायरचा कनेक्टर काढायचा, तीनेक स्क्रू सोडायचे, मोटर पंख्यासकट खाली येते. पंखा मऊ ब्रशने साफ करा. पंख्याच्या कडेला एखादी लहानशी धातूची क्लिप दिसली तर ती काढू नका. ते कारखान्यात बसवलेलं बॅलन्सचं वजन असतं. ते कचरा समजून काढून टाकल्यावर टिकटिक जाते आणि तिच्या जागी थरथर येते. मग दोष सापडत नाही म्हणून मोटर बदलली जाते, हे वाईट वाटण्यासारखं आहे.

हाताशी असताना काचेखालची जाळी उघडून पाला काढा आणि एसी फिल्टर बघा. फिल्टर तुंबला की हवा कमी येते आणि ब्लोअर शिट्टी घातल्यासारखा ओढतो. फिल्टर सैल बसला असेल तर तोच फडफडतो. नवीन बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने हवा. मॅन्युअलमध्ये जो टप्पा दिला असेल त्याआधीच, म्हणजे साधारण ५,००० किमीला, तो एकदा काढून झटकावा. महामार्गाची धूळ आणि बागांवर धुरळलेलं गंधक दोन्ही त्यातच साठतं. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये फिल्टरची जागा असते, पण फिल्टर नसतो. तिथे तो जरूर बसवून घ्या.

डिसेंबरमध्ये सकाळी ब्लोअर 'चिर्र' करतो आणि दहा मिनिटांत गप्प होतो.

मोटरचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडं पडलंय. थंडीत उरलंसुरलं वंगण घट्ट होतं, मोटर तापली की सैल होतं, म्हणून आवाज जातो. एका बाजूला जोरात वळताना आवाज बदलत असेल तर बुश झिजलेलंही आहे. एक थेंब मशीन ऑइलने काही दिवस निघतात. खोबरेल तेल मात्र नको. नाशिक-निफाडच्या थंडीत तेच गोठतं आणि धूळ धरून ठेवतं. मोटर बदलणं हाच पक्का इलाज. तोवर गाडी चालवायला धोका नाही.

गाडी सुरू केली की डॅशबोर्डमागे 'टक-टक-टक' होतं आणि थोड्या वेळाने थांबतं.

हवेचे पडदे फिरवणारी छोटी मोटर आत असते. तिचे प्लास्टिकचे दाते तुटले की ती जागेवर पोचत नाही आणि दाते सुटत-अडकत राहतात. थंड-गरम बदलल्यावर टकटक आली तर त्या पडद्याची मोटर, आतली-बाहेरची हवा बदलल्यावर आली तर त्या बटणाची. बदलून मिळते, आणि गॅस उघडावा लागत नाही. पण मोटर काढल्यावर पडद्याचा दांडा हाताने फिरवून बघा. आत पेन किंवा पावती अडकून पडदा जॅम असेल तर नवीन मोटरचेही दाते जातात.

एसी लावताच बेल्ट किंचाळतो. टाइट केला तरी परत येतो.

आधी कारण शोधा. इंजिन आयडलिंगला असताना स्प्रेच्या बाटलीने लांबूनच बेल्टच्या आतल्या, रेघांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा ताण राखणारा टेन्शनर दमलाय. आवाज काही क्षण गेला आणि पाणी सुकल्यावर परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. या दुसऱ्या प्रकारात कितीही टाइट केलं तरी फायदा नाही, उलट अल्टरनेटर आणि कंप्रेसर दोन्हीच्या बेअरिंगवर भार येतो.

आजकालच्या बेल्टला लवकर चिरा पडत नाहीत. तो आतून, रेघांच्या खाचांत झिजतो. वरून नवा दिसणारा बेल्टही संपलेला असू शकतो. खाच किती खोल उरलीय ते नव्या बेल्टशेजारी धरून बघा. साबण, मेण, पावडर किंवा बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे लावू नका. त्याला धूळ चिकटते आणि झीज वाढते. पावसाळ्यात, किंवा गाडी धुतल्यावर पहिल्या मिनिटात येऊन जाणाऱ्या किंचाळीची दखल घ्यायची गरज नाही. रोज येत असेल तर घ्या.

एसी बंद असतानाही घरघर येते, रेसबरोबर चढते. "कंप्रेसर गेला" असं सांगितलंय.

थांबा. ही पुलीच्या बेअरिंगची नेहमीची खूण आहे, आणि बेअरिंग वेगळं मिळतं. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि कंप्रेसरची पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत, जवळजवळ आवाज न करता फिरतं. गेलेलं बेअरिंग आत वाळू असल्यासारखं लागतं. बोटांना ती खरखर कानाच्या आधी जाणवते. पुली वर-खाली हलवून खेळ आहे का बघा. मग पुलीसमोरची प्लेट हाताने फिरवा. ती कंप्रेसरच्या आतल्या दांड्यावर असते. थोडा सारखा जोर लागून फिरली तर कंप्रेसर आतून ठीक असण्याची शक्यता मोठी. अजिबात फिरत नसेल किंवा अडकत-अडकत फिरत असेल तर कंप्रेसर जॅम होतोय.

बेअरिंग बदलताना बहुतेक गाड्यांत गॅस काढावाच लागत नाही. समोरचा नट किंवा बोल्ट, सर्क्लिप, मग पुली, हे काम जागेवर किंवा पाइप न सोडता कंप्रेसर बाजूला ओढून होतं. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो. बेअरिंग प्रेसने बसवायचं, हातोडीने ठोकून नव्हे. ठोकलेलं बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा बोलू लागतं. बेल्ट उतरवलेलाच आहे तर आयडलर आणि टेन्शनरची पुलीही फिरवून बघा. तिथला आवाज कंप्रेसरच्या नावावर खपून जातो.

हा आवाज अंगावर काढू नका. बेअरिंग जॅम होऊन बेल्ट तुटला तर एकाच बेल्टच्या गाडीत बॅटरीचं चार्जिंग थांबतं, आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असेल तर इंजिनही तापतं. अशी गाडी घेऊन मुंबईला निघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज गाठा.

क्लच बसताना 'चिर्र' होतं. सकाळी गारवा येतो, दुपारी ट्रॅफिकमध्ये जातो.

क्लचमधलं अंतर वाढलंय. प्लेट आणि पुलीमध्ये साधारण ०.३ ते ०.६ मिमी फट असते (नेमका आकडा कंप्रेसरप्रमाणे). झिजून ती वाढली की क्लचच्या चुंबकाच्या कॉइलला प्लेट ओढायला जास्त जोर लागतो. एप्रिल-मेमध्ये द्वारका किंवा मुंबई नाक्यावर वीस मिनिटं अडकलं की कॉइल तापून आधीच कमजोर झालेली असते. मग प्लेट घसरते किंवा बसतच नाही. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट तीन ठिकाणी मोजा. प्लेटच्या कडेला लालसर भुकटी आणि जळका वास असेल तर घसरण जुनी आहे. कित्येक क्लचमध्ये दांड्यावर पातळ शिम (चकत्या) असतात. एक शिम काढून फट मापात आणता येते. कॉइल सुमारे ३ ते ५ ओहम दाखवते. तिच्याशी पोचणारा व्होल्टेज बॅटरीइतकाच हवा. कमी असेल तर आधी रिले आणि अर्थिंग तपासा.

आणि आयडलिंगला एसी बंद असताना पातळ पत्र्यासारखी खडखड येते, एसी लावताच थांबते, असं असेल तर प्लेटचे रबर फुटलेत. प्लेट पुलीला चिकटली की हलायला जागा राहत नाही, म्हणून आवाज थांबतो.

एसी लावला की 'खडखड' किंवा 'ठकठक' येते. कंप्रेसर बदलायचाच का?

स्वस्त कारणं आधी बाद करा. कंप्रेसरचे तीन-चार बोल्ट आणि ब्रॅकेट हलतात का, एसीचा पाइप बॉडीला किंवा इंजिनला टेकतोय का, पाइपच्या क्लॅम्पमधलं रबर शाबूत आहे का, हे बघा. नुसता टेकलेला पाइपसुद्धा केबिनमध्ये मोठी गुणगुण पोचवतो. पाइप हाताने जरा दाबून धरल्यावर आवाज गेला तर काम रबराच्या तुकड्याचं आहे. पाइप तापलेला असतो, फडकं घ्या.

मग गॅसचा दाब मोजणारे गेज लावा. गॅस जास्त भरला असेल तर कंप्रेसर कण्हतो आणि द्रवरूप गॅस आत शिरला तर ठकठक होते. गॅस दाबला जातो, द्रव दाबला जात नाही, म्हणून हा ठोका थेट व्हॉल्व्हच्या पात्यांवर बसतो. "थोडा जास्त टाकून देतो, गारवा वाढेल" हे ऐकून घेऊ नका. गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनानेच भरायचा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम असतो. एवढ्याशा मापात ५० ग्रॅमचा फरकही मोठा.

तेल कमी असणं हे आतून घासल्यासारख्या आवाजाचं दुसरं कारण. तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गळती असताना दरवर्षी नुसता गॅस भरत राहिलं की तेल जात राहतं आणि कंप्रेसर कोरडा पडतो. जोडांवर काळा तेलकट डाग दिसला तर गळती तिथेच समजा.

कंप्रेसर नवा टाकला, पण थोड्याच दिवसांत तोच आवाज परत आला.

जुन्या कंप्रेसरचा चुरा आतच राहिला. आतून घासून गेलेला कंप्रेसर धातूची बारीक भुकटी पुढे ढकलतो. ती कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी समोरची जाळी), ड्रायरमध्ये (ओलावा शोषणारी बाटली) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारा) बारीक छिद्रात बसते. पाइप सोडल्यावर निघणारं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. स्वच्छ किंवा फिकट रंगाचं असेल तर ठीक. करडं, चमचमणारं किंवा काजळीसारखं असेल तर कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह नवे टाकायचे, पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून कोरड्या नायट्रोजनने उडवून घ्यायचे. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशने त्या खात्रीने साफ होत नाहीत. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा मारू नये, त्यात पाण्याचा अंश असतो. खर्च वाढतो हे खरं, पण हे टाळलं तर नवा कंप्रेसरही तसाच जातो.

तेल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं हवं. पीएजी ४६ आणि पीएजी १०० एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

डॅशबोर्डमधून सतत 'स्स्स' येतं आणि गारवाही कमी झालाय.

एसी चालू असताना सतत येणारी सिसकारी म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हशी द्रवाऐवजी द्रव-वायूचं मिश्रण पोचतंय. नेहमीचं कारण गॅस कमी असणं. गाडीचा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळलाच. म्हणून आधी गळती, मग व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा काढणं), मग वजनाने गॅस, याच क्रमाने काम करून घ्या.

इंजिन थंड आणि बंद असताना, ३० अंश तापमानाला आर-१३४ए गॅसच्या दोन्ही गेजवर साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसतो. यापेक्षा खूप खाली असेल तर गॅस नक्की कमी. उलटं मात्र खरं नाही: दाब बरोबर दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं होत नाही. थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. म्हणूनच वजनाचा आग्रह.

व्हॅक्यूम किमान ३० मिनिटं चालू हवा, आणि पंप बंद केल्यावर काटा १०-१५ मिनिटं जागेवर राहायला हवा. इथे नाशिकची एक खास गोष्ट. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाबच मुंबईपेक्षा कमी असल्यामुळे साध्या गेजचा काटा इथे पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपासच थांबतो. मॅन्युअलमधले २९-३० इंच येत नाहीत म्हणून पंपाला दोष देऊ नका.

रेडिएटरच्या फॅनचा आवाज विमानासारखा येतो.

रेस बदलून आवाज बदलत नसेल तर फॅनच. पातं तुटलंय का, फॅन जाळीला घासतोय का बघा. नुसताच जोरात आणि सतत फिरत असेल तर कंडेन्सर धुळीने, किड्यांनी भरलेला असतो. उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो, फॅन वरच्या वेगाला जातो. इंजिन थंड झाल्यावर साध्या पाइपच्या पाण्याने समोरून धुवा. प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या दुमडतात आणि वाट कायमची बंद होते.

वळताना डॅशबोर्डखाली पाणी हेलकावल्यासारखी 'खळखळ' येते.

कूलिंग कॉइलखालची पाण्याची नळी तुंबली आहे. एसी अर्धा तास चालवून गाडीखाली पाणी पडतं का बघा. कोरडं असेल आणि डाव्या सीटच्या पायाखालची मॅट ओली असेल तर शंका उरत नाही. खालून नळीच्या तोंडात गवत कापायच्या मशीनची नायलॉन तार हलक्या हाताने फिरवा. टोकदार तार नको, वर कॉइल आहे.

खळखळ वळताना न येता रेस दिल्यावर येत असेल आणि मॅटवरचं पाणी बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीतली पातळी बघा आणि हीटरची गळती तपासून घ्या. हे काम एसीच्या कामाच्या आधी.

इलेक्ट्रिक गाडीत, चार्जिंगला लावलेली असतानाही एसीसारखा आवाज येतो.

काही गाड्यांत हाच कंप्रेसर बॅटरीही थंड ठेवतो, त्यामुळे उभ्या गाडीतही तो गुणगुणतो. खडखड किंवा घासल्यासारखा आवाज आला तर मात्र थेट प्रशिक्षित माणसाकडे जा. नारिंगी (जास्त व्होल्टेजच्या) वायरींना हात लावायचा नाही. या कंप्रेसरमधलं तेलही वेगळं असतं. साधं पीएजी पडलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडतं. पेट्रोल गाडीसाठी वापरलेल्या मशीनने थेट गॅस भरू देऊ नका.

गॅरेजला गाडी देताना काय सांगायचं?

"आवाज येतो" एवढ्यावर गाडी सोडू नका. एसी बंद असताना येतो की चालू असताना, रेसबरोबर चढतो का, थंड इंजिनला की तापल्यावर, शेवटचा गॅस कधी आणि किती ग्रॅम भरला, हे कागदावर लिहून द्या. आवाज येत असताना बॉनेट उघडून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करा, त्यात एसीचं बटण दोनदा चालू-बंद करा. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि सकाळचा आवाज तिथे येतच नाही. बदललेले सुटे भाग परत मागा, आणि बिलावर गॅसचं वजन, तेलाचा ग्रेड आणि किती मिली तेल टाकलं ते लिहून घ्या.